गळ्यावरचा डावा हात

पायपेटीखालून दोन पाय बाहेर आले होते. मला वाटलं, कोणी हमाल सावली बघून आडवा झालाय.

“अहो, उठा! ही काय झोपायची जागा आहे?”

“थांबा बाई,” आतून आवाज आला. “दोन सूर अडकून राह्यले. आर्णीचा रस्ता तुमच्या पेटीले मानवला नाई.”

मग एक धुळकट चेहरा बाहेर आला, आणि मी... मी आपला पदर सावरला. कशासाठी, देव जाणे!

१९५८चा डिसेंबर होता. आमची संगीत नाटक मंडळी आर्णीला दोन खेळांसाठी उतरली होती. कापसाचे दिवस, कनातीवर, केसांत, चहाच्या कपातसुद्धा कापसाचे तंतू. मी नलू, मंडळींची नायिका, वय सव्वीस. आमचे पेटीवाले तापानं यवतमाळच्या दवाखान्यात पडले होते, म्हणून मालकांनी हा माणूस शोधून आणला होता. खेमसिंग. जवळच्या बंजारा तांड्यात राहून शेती करायचा, भजनाला पेटी वाजवायचा आणि गावोगावच्या बिघडलेल्या पेट्या दुरुस्त करायचा.

“नाटकातली पदं येतात का?” मी विचारलं.

“तुमी म्हना. मी मांगं मांगं येतो.”

“आणि वाटेत हरवलात तर?”

“त तुमी थांबसान ना माह्यासाठी?”

घ्या! आठ वर्षं मी रंगमंचावर प्रेमात पडत होते. नायकाच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे तयार उत्तर असायचं. याला मात्र मी “बघू” एवढंच म्हटलं, आणि दिवसभर स्वतःवर चिडत राहिले.

शुक्रवारी पहिला खेळ झाला. माझ्या प्रवेशाच्या पदाला त्यानं सूर दिला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार. मालक जाहिरातीवर तसं छापायचे: ‘काळी चारमध्ये गाणारी नटी’. आणि हा चक्क काळी तीन देऊन बसला होता — एक पूर्ण सूर खाली! न विचारता! आमच्यात नटीची पट्टी उतरली की तिचे दिवस भरले असं समजतात. सखीचं काम करणारी अठरा वर्षांची सत्यभामा माझी सगळी पदं पाठ करून टपलेलीच होती.

भर नाटकात भांडणार कशी? मी गायले. आणि गळा असा मोकळा सुटला, की शेवटची तान घेताना माझी मीच चकित झाले. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. विंगेत मालक मात्र हाताची घडी घालून उभे होते. त्यांचे कान फार तयार.

“रविवारी काळी चार,” ते म्हणाले. “जमत नसेल तर सांगा, नलूबाई. पुढच्या, पुसदच्या मुक्कामापासून नायिका म्हणून सत्यभामा उभी राहील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तणतणत अरुणावतीच्या काठी गेले. खेमसिंग बैल धूत होता.

“काहून केलं असं?” रागाच्या भरात त्याचीच बोली माझ्या तोंडून निघाली.

तो हसला नाही. “तालमीत पाह्यलं मी. वरच्या सुराले पोचल्या का तुमी डावा हात गळ्यावर ठेवता.”

“ती माझी अदा आहे! लोक टाळ्या देतात त्यावर.”

“देत असतीन. पन तुमाले तिथं दुखते.”

दुखत होतं? हो... दोन वर्षं दुखत होतं. ज्येष्ठमध, गुळण्या, सगळं चालू होतं. पण अदा कुठे संपते आणि दुखणं कुठे सुरू होतं, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं. सत्यभामा तर आरशासमोर तो हात जसाच्या तसा उचलायला शिकली होती. आणि पाहिलं कोणी, तर या परवा भेटलेल्या माणसानं! मला रडू आलं, रागही आला, आणि त्याच्या ओल्या हातांकडे बघत राहावंसं वाटलं. हे सगळं एकाच वेळी कसं वाटतं?

“अशा वेळी नाटकात नायक काहीतरी बोलतो,” मी म्हटलं.

“मले कोनी लिहून नाई देल्लं, बाई.”

“मग मनातलं बोला.”

कान लाल होईपर्यंत तो बैल घासत राहिला. “रविवारी तुमी म्हनसान तेच पट्टी देईन. काळी चार त काळी चार. फक्त... त्या वक्ती तुमच्याकडं पाह्यल्या जानार नाई माह्याच्यानं.”

रविवारचा खेळ दुपारचा होता. बाजाराला आलेल्या माणसांनी मांडव भरला. मी प्रवेश केला. खेमसिंगची बोटं पेटीवर होती, मान खाली. काळी चार म्हटली तर पुसद, वणी, नागपूर, सगळीकडे नायिका मीच. काळी तीन म्हटली तर गळा माझा, बाकी काही नाही. नाटकातली राजकन्या काय करते ते मला पाठ होतं. नलू काय करेल ते अजिबात ठाऊक नव्हतं.

“काळी तीन द्या,” मी म्हटलं. मोठ्यानं. भर नाटकात!

तेव्हा त्यानं मान वर केली.

सोमवारी सकाळी मालकांनी नायिकेचा शालू सत्यभामेला दिला. “सखी कराल?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “कळवते.” खरं तर काय कळवणार होते? काम गेलं, नाव गेलं, आणि मी वेड्यासारखी केसांत फूल माळून बसले होते.

बाहेर सामान ट्रकवर चढत होतं. खेमसिंग पेटीला दोर आवळत होता.

“माह्या याडीनं... म्हंजे मायनं तुमाले जेवाले बलावलं,” तो पेटीकडे बघत म्हणाला. “मी तिले शुक्रवारीच सांगून बसलो.”

“काय सांगितलंत?”

“तेच... जे तुमाले सांगाले जमलं नाई.”

मी तोंड उघडलं. आठ वर्षांची पाठ वाक्यं रांगेनं उभी राहिली — प्राणनाथ, जन्मोजन्मी, चंद्राच्या साक्षीनं... या माणसाला त्यातलं एकही बसेना.

“मला... म्हणजे पुढचं काही कळत नाही मला. गाणं, मंडळी, काहीच... पण तुम्ही... मला तुम्ही आवडता.” ना सूर, ना ताल. कसंबसं म्हटलं एकदाचं.

खेमसिंगच्या हातून दोर सुटला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाला,

“वन्स मोअर.”

दुसऱ्यांदा म्हणताना तर मी आणखीच अडखळले.