सोफ्यावर बसू नका

"ही? ही आमची कामवाली आहे, बाई!"

धाकटी हे वाक्य बोलली आणि थोरलीच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. वाक्य तिचंच होतं. तिनेच घोकवून घेतलं होतं, अडखळली की टपली मारून पुन्हा म्हणायला लावलं होतं. पण स्वतःच्या हातांनी धार लावलेली सुरी कापताना ओळख दाखवत नाही... काळजातून आरपार गेली ती! आणि कार्टी बोलली तरी किती सफाईने! जराशी चाचरली असती तर काय बिघडलं असतं?

दारात शाळेच्या बाई उभ्या होत्या. "पालकसभेला कधीच कुणी येत नाही, म्हटलं आपणच जावं," असं म्हणत सुट्टीच्या दुपारी, न कळवता!

आता हे घर कसलं, ते सांगायला हवं. उंच इमारत बांधून होण्याआधीच घरं विकायची म्हणून मालकाने पहिल्या मजल्यावर एकच घर नटवून ठेवलं होतं. नमुन्याचं घर! झुंबर खरं, बाकी सगळी थाप. कपाटातल्या पुस्तकांना पाठ होती, पोट नव्हतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, त्यावर एक बाई जन्मभराचं हसू चिकटवून बसलेली. टोपलीतली सफरचंदं मेणाची, आणि नळ असा चकचकीत की पाण्याची आठवणही काढू नये. थोरली हे घर रोज झाडायची, पुसायची. दोघी बहिणी राहायच्या मात्र खाली, जिन्याखालच्या सिमेंटच्या खोलीत. मुकादमाने मोठ्या मनाने दिलेली जागा, पण एका अटीवर... "वरच्या सोफ्यावर कुणी बसायचं नाही. खड्डा दिसला की तुझं काम गेलं!"

आई-बाप गवंडीकामाचे. बापाचं एकच ब्रीद: जिथं काम तिथं बिऱ्हाड! भिंती उभ्या राहिल्या की यांचं घर आडवं. जगातला हा एकच धंदा असा, की घर पुरं झालं की बांधणारा बेघर होतो! आणि दर नव्या गावाला नवी शाळा. शाळांचंही काय सांगावं, जिथं जावं तिथं नेमके अपूर्णांक चालू! धाकटी इतक्या वेळा अपूर्णांक शिकली, की एका शाळेत गुरुजींनी खडू उचलताच हिने उत्तर सांगून टाकलं. पण दशांश चिन्ह म्हणून काही असतं, हे त्या पोरीने फक्त ऐकलं होतं, जसं आपण समुद्रातल्या राक्षसांबद्दल ऐकतो. दशांश यायच्या आत बिऱ्हाड हललेलं असायचं!

या खेपेला मात्र थोरली अडून बसली. "तुम्ही व्हा पुढे. ही शाळा हिची पुरी होणार. मी बघते."

"तू काय बघतेस? तुझं लग्नाचं वय निघून चाललंय!" आई कळवळली होती.

"जाऊ दे निघून. निघून जायला वयाला कुठे पत्ता लागतो?"

पत्ता! तिथेच तर घोडं पेंड खात होतं. शाळेच्या खिडकीतला कारकून पत्त्याशिवाय मान वर करीना. थोरलीने नमुन्याच्या घराचा पत्ता सांगितला. त्याने तिच्या सिमेंटने पांढऱ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. "तू कोण?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी... त्यांची कामवाली. साहेब-बाईसाहेब परगावी असतात." झालं! त्या दिवसापासून ती बहिणीच्या मागून, दप्तर घेऊन, चार हात अंतर ठेवून चालू लागली. फाटकापाशी आली की रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाआड. पोरीचं दप्तर जड नव्हतं, पण ते अंतर... ते फार जड होतं!

तर अशा त्या घरात बाई आल्या.

"छान ठेवलंय हो घर," बाई म्हणाल्या. "अगंबाई, केवढा टीव्ही! जरा बातम्या लाव ना, पावसाचं काय म्हणतायत बघू."

"लाईट गेलीय, बाई," थोरली पटकन म्हणाली. डोक्यावर झुंबर ढणाढणा जळत होतं.

बाईंनी झुंबराकडे पाहिलं. सहज म्हणून कपाटातलं पुस्तक ओढलं, तर दहा पुस्तकांची रांग एकदम हातात आली, पिसासारखी हलकी. त्यांनी ती अलगद परत ठेवली.

"मग जरा पाणीच दे गं. उन्हातून आलेय."

थोरली खाली धावली. पहारेकऱ्याच्या माठातून पाणी घेऊन जिना चढून आली, तेव्हा छाती भात्यासारखी वरखाली होत होती. स्वयंपाकघर दहा पावलांवर असताना ही बया पाणी आणायला गावाला का गेली, हा प्रश्न बाईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिला होता. तरीही त्या गप्प! थोरलीला तर वाटलं, या एकदाच्या ओरडल्या तर सुटेन मी!

बाईंनी पाणी पिऊन पेला ठेवला, पदर सावरला आणि त्या सोफ्याकडे वळल्या. गुडघे वाकवले...

"बसू नका!" धाकटी किंचाळली. "बाई, बसू नका हो! खड्डा पडला तर ताईचं काम जाईल!"

बाई तशाच, अर्ध्या बसलेल्या, अर्ध्या उभ्या!

"ताई? कोण ताई?"

थोरलीने डोळे वटारले, मान हलवली, ओठ घट्ट मिटले. बोलू नकोस... रांडेचे, आता तरी बोलू नकोस! पण पोरीच्या डोळ्यांना धार लागली होती. ती धावत आली आणि थोरलीच्या कमरेला तिने मिठी मारली.

"ही! ही माझी ताई आहे! कामवाली नाहीये! मला नाही असं म्हणायचं आता, मला नको ती शाळा!"

"नको म्हणे शाळा!" थोरलीचा बांध फुटला, पण आधी संतापच बाहेर आला. "वर्षभर मी खांबाआड उभी राहिले ती काय त्या खांबाशी लग्न लावायला? हो, बाई, खोटं आहे सगळं! सफरचंद खोटं, पत्ता खोटा, मी खोटी! एवढी पोर तेवढी खरी आहे. हाकला आता! पण पुढच्या धड्यातले दशांश तेवढे शिकवा आणि मग हाकला!"

बाई सोफ्यापासून दूर झाल्या आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं वेडे," त्या म्हणाल्या, "ज्या मुलांना घर नाही, त्यांना पत्ता विचारायचाच नाही असा नियम आहे. पत्ता नाही म्हणून कुणाला हाकलता येत नाही!"

वर्षभराचं ते अंतर, ती टपल्या मारून घोकवलेली वाक्यं, खांबाआड गिळलेले हुंदके... सगळं फुकट?

"मग हे लिहून लावायला शाळेत काय शाई संपली होती?"

"लावलंय ना." बाईंना स्वतःचीच लाज वाटत होती. "कारकुनाच्या खोलीत... दाराच्या मागच्या बाजूला. दार उघडं असलं की कागद भिंतीकडे जातो. आणि बंद असलं की..."

"...की आम्ही बाहेर!" थोरलीने वाक्य पुरं केलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू फुटलं. हसता हसता ती कधी रडू लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. धाकटी तिच्या सिमेंटने तडकलेल्या बोटांवर गाल घासत होती. "ताई, मी फार छान म्हणायचे ना गं ते वाक्य? चुकून तरी चुकायला हवं होतं..."

"हवंच होतं, भवाने!"

बाईंनी डोळे पुसले. "आणि तू गं? तू कुठपर्यंत शिकलीस?"

थोरलीने खाली पाहिलं.

"अपूर्णांकांपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सवयीने, थोरली रस्त्यापलीकडे त्याच खांबाआड जाऊन उभी राहिली. फाटकात पोरींची ही गर्दी. त्या गर्दीतून धाकटी मागे वळली, आणि घंटेलाही लाजवील अशा आवाजात ओरडली, "ताईऽऽ! दप्तर राहिलं की तुझ्याकडे!"

कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढली. या वेळी पत्ता न विचारताच!

"ओरडतेस काय? बहिरी आहे का मी?" थोरली करवादली. पदराने तोंड पुसलं, खांबाला उगाचच एक थाप मारली, आणि दप्तर खांद्याला लावून, साऱ्या शाळेच्या देखत, ती रस्ता ओलांडू लागली.