कमानीतली खाच

एल्सी नॅट्रसने शनिवारी सकाळी नेहमीसारखी पिशवी भरली. थर्मासमध्ये चहा, चीजचे सँडविच, दोन हातोड्या, तीन छिन्न्या, खडे गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं. आणि काडेपेटीत कापसावर ठेवलेला मेणाचा एक ठसा.

ठसा आजोबांच्या स्फटिकपेटीतल्या एका खाचेचा होता. उत्तर इंग्लंडातल्या वेअरडेल खोऱ्यात शिशाच्या खाणींत राबणारी माणसं खिशातून घरी आणलेल्या खड्यांची अशी पेटी मांडायची. पुढे काच, मागे आरसे. आजोबांच्या पेटीत एक गल्ली होती. दोन्ही अंगांना जांभळ्या-हिरव्या खड्यांची घरं, शेवटाला पांढरी कमान. त्या कमानीत एक खाच तेवढी रिकामी. तिथे काही लावायचं नाही, असं वडील सांगायचे. त्यांना आजोबांनी सांगितलेलं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. एल्सीने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तिच्या मते आजोबांना साजेसा खडा मिळाला नसावा, इतकंच. सोमवारी गावच्या सभागृहात पेट्यांचं प्रदर्शन होतं, आणि अर्धवट पेटी घेऊन ती जाणार नव्हती.

"आजोबा थडग्यातून शिव्या घालतील तुला," विल्फ म्हणाला. विल्फ तिचा धाकटा भाऊ, पासष्टीचा. त्याची बायको गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हापासून तो बहिणीकडेच राहायचा. आता दोघांना एकमेकांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"घालू देत. ऐकायची सवय आहे मला. पिशवी उचल."

"मास्तरीणबाई पुढे, गाढव मागे. चला."

आजोबा जिथे राबले, त्या कोल्डक्लूच्या बंद पडलेल्या खाणीचं तोंड उतारावर, नेच्यांच्या आड होतं. आत गुडघाभर पाणी, बर्फासारखं. पुढे जमीन कोरडी झाली, आणि चिखलात जुन्या खाणकामगारांच्या खिळ्यांच्या बुटांचे ठसे दिसू लागले. शंभर वर्षांपूर्वीचे, पण कालच उठल्यासारखे. सगळे आत जाणारे. बाहेर येणारा एकही नव्हता. दुसरीकडून बाहेर पडत असतील, एल्सीने मनाशी म्हटलं.

उन्हाळ्यात खाणीतला गार वारा बाहेर वाहतो. आजही वाहत होता. मग थांबला. मग उलटा, आत गेला. पुन्हा थांबला.

"दमलाय बिचारा," विल्फ म्हणाला.

तिसऱ्या वळणावर भिंतीचे चार दगड ढासळलेले होते. त्यांच्यामागे पोकळी, पाव भाजायच्या भट्टीएवढ्या तोंडाची आणि जेमतेम दोन विती खोल. एल्सीने कपाळावरच्या दिव्याचा उजेड आत टाकला.

दोन्ही अंगांना खड्यांच्या रांगा. डावीकडचं तिसरं घर उंच. उजवीकडचं शेवटचं छपरात कललेलं. मधून गल्ली. शेवटाला पांढरी कमान.

आजोबांनी काही रचलंच नव्हतं. इथे पाहिलं, ते घरी मांडलं.

फक्त इथल्या कमानीतली खाच भरलेली होती. मधासारखा पिवळा, बोराएवढा खडा.

"निघूया का गं?" विल्फ हळूच म्हणाला.

आता मागे फिरायला हवं होतं. पण संग्रह करणाऱ्याचे डोळे एकदा हव्या त्या खड्यावर पडले की पाय ऐकत नाहीत. "छिन्नी लाव," ती म्हणाली.

विल्फने एकच ठोका दिला. खडा पिकल्या फळासारखा सुटून तिच्या तळहातावर आला. उबदार होता. तिने तो मेणाच्या ठशाशेजारी धरला. आकार हुबेहूब तोच.

"छिन्नी आत पडली," विल्फ म्हणाला आणि त्याने उजवा हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत.

दोन विती खोल पोकळीत.

"एल्सी," तो म्हणाला. "कुणीतरी हात धरलाय."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही गं." त्याचा चेहरा खडूसारखा झाला होता. "म्हाताऱ्याचा हात आहे. हाडं लागतायत. ओढत नाहीये. नुसता धरलाय."

खाणीत ज्याची मेणबत्ती विझे, तो जोडीदाराचा हात धरी. उजेड दिसेपर्यंत तो हात सोडायचा नाही, अशी त्या माणसांची रीत होती. एल्सीला ती आठवली.

"घट्ट करतोय, एल्सी."

तिने विल्फच्या दंडाशेजारून आपला हात आत सरकवला. चाचपत कमान शोधली, खाच शोधली, खडा तिच्यात दाबला. तो आपसूक बसला, जणू कधी निघालाच नव्हता.

विल्फचा हात बाहेर आला. तिने त्याची बोटं मोजली. पाचही होती. मग ती रडली, आणि तो तिच्या पाठीवर डाव्या हाताने थोपटत राहिला.

हातोड्या तिथेच टाकून दोघं निघाली. ती पुढे, तो मागे.

"आहेस ना?"

"आहे."

बाहेर दुपारचं ऊन होतं. मेंढ्या चरत होत्या. एल्सी भराभर उतरून कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांपाशी पोचली, त्या चढून पलीकडे उतरली आणि मगच तिने वळून पाहिलं.

विल्फ सावकाश येत होता. पावलं आखूड. उजवा हात अंगापासून जरासा दूर, मूठ अर्धी मिटलेली. मोठा दगड आला की तो सोप्या बाजूने वळसा घेत होता.

"विल्फ," ती म्हणाली. "बाहेर आलो आपण. हात सोड."

त्याने वर पाहिलं. डोळे भरलेले होते.

"कसा सोडू गं? त्याला अजून उजेड दिसत नाहीये."

पायऱ्यांपाशी येऊन तो बाजूला झाला, वाट देतात तसा. हात उंच धरून उभा राहिला.

"सावकाश," तो म्हणाला. एल्सीला नव्हे.

तो अजून कुंपणाच्या त्या बाजूलाच, गवतात उभा होता. पायऱ्यांची वरची फळी करकरली आणि मधोमध वाकली.