साडेतीनशे वॅट

जनरेटर गाडीपासून वीस फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे. जाड केबल, कोरडी जमीन, आत विषारी वायूचा अलार्म. तीस वर्षं वायरमन म्हणून काढलीत, यात मी कुणाचं ऐकत नाही. निवृत्त झाल्यापासून मी आणि बायको या चाकांवरच्या घरातूनच हिंडतो.

त्या सकाळी तळ्याकाठी कडाक्याची थंडी होती. चहा उरकला, हीटर बंद केला आणि जनरेटर थांबवायला गेलो. मीटरवर साडेतीनशे वॅटचा लोड.

आत काहीतरी चालू राहिलं असणार. फ्रिज बंद केला, चार्जर काढला, मेन स्विच पाडला. साडेतीनशे. शेवटी केबलच उपटली. आकडा ढिम्म हलला नाही. इंजिन ओझं ओढल्यासारखं घुरघुरत होतं.

"मीटर गंडलाय," मी म्हणालो.

बायको मागे येऊन उभी होती. "आईचं मशीन किती घ्यायचं हो?"

उत्तर दोघांनाही पाठ होतं. गेल्या हिवाळ्यात सासूबाई आमच्यासोबत होत्या. मागच्या पलंगावर, ऑक्सिजनच्या मशीनवर. असंच एकदा पेट्रोल संपलं. इंजिन गार व्हायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणून थांबलो. राखीव सिलिंडर भरलेला असेल असं मी धरून चाललो होतो. तो रिकामा निघाला.

मशीन तर आम्ही तेव्हाच एका दवाखान्याला देऊन टाकलं.

जनरेटरने आचका दिला. टाकी तळाला गेली होती.

बायकोने धावत जाऊन कॅन आणला. "चालू आहे तोवरच ओता."

"अगं, वेड लागलंय का? तापलेल्या इंजिनावर थेंब सांडला तर भडका उडेल."

"तेव्हाही हेच म्हणालात."

मी तिच्या हातातून कॅन काढून घेतला. तिने ओढून धरला नाही.

इंजिन थांबलं.

मी घड्याळ पाहिलं. सवयच ती.

बायकोने माझी बाही घट्ट धरली. गाडीत कुणी नव्हतं. मागच्या पलंगालगतच्या काचेवर, उशीच्या उंचीला, आतून वाफेचा लहानसा ठिपका उमटला. विरला. पुन्हा उमटला.

पुढचा यायला जरा वेळ लागला. त्याच्या पुढच्याला आणखी.

अजून अकरा मिनिटं होती.