कानामागचा हात

दुपारी तीनच्या सुमाराला वकीलसाहेब कोर्टाच्या तळघरात उतरले, ते अगदी साध्या कामासाठी. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका खून खटल्यातल्या साक्षीची नक्कल न्यायची होती. खरं म्हणजे ती त्यांना नको होती, त्यांच्या लेकीला हवी होती. लेक आता त्यांच्याच ऑफिसात बसून फौजदारी वकिली करत होती, आणि परवा तिला पहिल्यांदाच खून खटल्यात उलटतपास घ्यायचा होता. समोरची साक्षीदार होती एक एकोणीस वर्षांची मुलगी, दबक्या आवाजात बोलणारी.

"बाबा, तुमचा तो शिवणकामवाल्या बाईंचा उलटतपास मला वाचायचाय," ती सकाळी म्हणाली होती. "वकील मंडळी अजून त्याच्या गोष्टी सांगतात. परवा मी तस्संच करणार, बघाच तुम्ही."

वकीलसाहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि विषय टाळला.

टाळण्यासारखाच होता तो. त्या बाईंनी बहिणीच्या खुन्याला जिन्यावर पाहिलं होतं. घरी बसून कपडे शिवायच्या. साक्षीच्या दिवशी इतक्या घाबरल्या होत्या, की गळ्यात माप घ्यायची टेप तशीच घेऊन कोर्टात आल्या. वकीलसाहेबांनी त्यावर एक विनोद केला होता, आणि कोर्ट हसलं होतं. बाईंचा आवाज मुळातच बारीक. जजसाहेब निवृत्तीला आलेले, कानाने जरा कमी, आणि ते कबूल करायची त्यांना कोण लाज! वकीलसाहेबांनी हे सगळं हेरून ठेवलं होतं. थंडीचे दिवस असूनही "फार उकडतंय हो" म्हणत त्यांनी शिपायाकरवी साक्षीदाराच्या पिंजऱ्यावरचा जुना पंखा लावून घेतला. तो फिरला की खट्... खट्... वाजायचा.

मग त्यांनी विचारलं, "जिन्यावर कोणाला पाहिलंत?"

"ह्यालाच पाहिलं," बाई म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी कानामागे हात नेला. "ऐकू आलं नाही. मोठ्याने बोला."

बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा कानामागे हात. सरकारी वकील एकदा उठले, पण खुद्द जजसाहेबांनाच ऐकू आलं नव्हतं; सरकारी वकील पुन्हा खाली बसले. उत्तर स्वतःला ऐकू आल्याशिवाय जजसाहेबांनी ते टंकलेखकाला सांगायचं नाही, ही तिथली रीत. चार वेळा बाईंनी तेच सांगितलं, आणि दर वेळी स्वतःच्याच शब्दांवरचा त्यांचा विश्वास थोडा थोडा उडत गेला. पाचव्यांदा त्या रडवेल्या होऊन ओरडल्या, "मला नक्की सांगता येत नाही!"

तेवढंच कागदावर उतरलं. आरोपी सुटला.

वकीलसाहेबांचे कान मात्र तिखट होते. मागच्या बाकावर कोणी जांभई दिली तरी त्यांना कळायचं. बाईंचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता, पाचही वेळा.

आरोपीची बाजू मांडल्याची त्यांना कधीच लाज वाटली नाही. कोणीतरी ती मांडायलाच हवी, हे ते आजही छातीठोकपणे सांगत. लाज होती ती त्या हाताची. आणि त्याहून जास्त, नंतरच्या एका क्षणाची. खटला संपल्यावर बाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "तुम्हाला ऐकू येत होतं ना?" त्यांनी हळूच विचारलं. भोवती चार वकील मित्र उभे होते. वकीलसाहेबांनी कानामागे हात नेला आणि म्हणाले, "काय म्हणालात?" मित्र खो खो हसले. बाई निघून गेल्या, आणि वर्षाच्या आत वारल्याही. ती बातमी कळली त्या दिवशी वकीलसाहेबांना जेवण गेलं नाही. पण का, ते त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही.

तळघरात जुन्या कागदांचा कुबट वास भरून राहिला होता. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाने फाईल काढून धूळ झटकली.

"बरं झालं आलात, साहेब. ही फाईल कोणाला तरी मिळाली एकदाची."

"म्हणजे? आणखी कोणी मागत होतं?"

"एक बाई येतात अधूनमधून. टेबलावर हाच नंबर बोटाने लिहून दाखवतात, आणि पुढे काहीतरी सांगतात. पण फार हळू बोलतात हो... मी चार-पाच वेळा विचारतो. मग जातात बिचाऱ्या."

वकीलसाहेबांनी फाईलवरून नजर वर केली. "कशा... कशा दिसतात?"

"साध्याच आहेत. गळ्यात टेप असते, शिंप्याची असते ना, तसली. काल पण येऊन गेल्या."

नक्कल घेतल्याची सही वकीलसाहेबांनी भलत्याच रकान्यात केली, तेव्हा कारकुनाने त्यांना पाणी दिलं.

ऑफिसात परतेपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. सांगून टाकायचं. लेकीच्या नजरेतून उतरलो तरी चालेल, पण परवा त्या पोरीपुढे हिने कानामागे हात न्यायचा नाही. आजवर लेकीने त्यांचं सगळंच उचललं होतं. बोलताना चष्मा पुसायची सवयसुद्धा. हे तिने उचलू नये.

लेक वही उघडून वाटच पाहत होती. तिने नक्कल वाचली. एक प्रश्न, एक उत्तर.

"एवढंच? बाबा, पण केलंत काय तुम्ही? त्यांचा आवाज खरंच ऐकू येत नव्हता?"

वकीलसाहेब समोर बसले. तिच्याकडे बघवेना, म्हणून टेबलाकडे बघत म्हणाले, "मला ऐकू येत होतं."

"काय?"

"मला सगळं ऐकू येत होतं."

लेकीने कपाळाला आठ्या घातल्या. "बाबा, जरा मोठ्याने बोला ना."

त्यांनी मान वर केली, घसा खाकरला. "ऐकू येत होतं मला! मी खोटं वागलो. तू तसं करू नकोस."

"काय पुटपुटताय? आधी तो पंखा बंद करा बघू. थंडीत कशाला लावलाय?"

वकीलसाहेबांनी वर पाहिलं. ऑफिसच्या छताला पंखाच नव्हता. त्या खटल्यानंतर त्यांनी इथला पंखा काढून टाकला होता. नुसता हूक उरला होता. पण आवाज येत होता... खट्... खट्...

ते ताडकन उठले. टेबलावर दोन्ही हात टेकून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "बाळा, मला ऐकू येत होतं!" घशाच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. लेक त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिचा हात वर गेला. सावकाश, तिच्या कानामागे.

"ऐकू आलं नाही, बाबा."

तो हात बघितला आणि वकीलसाहेबांचं सगळं बळच गेलं. आपण नक्की बोललो का? शब्द तोंडातून निघाले की मनातच राहिले? ऐकू येत होतं म्हणजे तरी नेमकं काय ऐकलं होतं आपण? पंधरा वर्षं झाली...

ते मटकन खुर्चीत बसले.

"मला," ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही."

"हां, आत्ता आलं!" लेक म्हणाली, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

वकीलसाहेबांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. पण ती वही मिटून दरवाजाकडे वळली होती. दरवाजात कोणीच नव्हतं. तिने आदबीने मान पुढे केली, आणि तिचा हात पुन्हा कानामागे गेला.

"काय म्हणालात, ताई?"