खाडाखोड नसलेला कागद

१९८५ साली मी, निवृत्ती गांगुर्डे, सातपूरच्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर म्हणून लागलो. वडील मनमाडला रेल्वेत फिटर; घरात टेबल-खुर्चीची नोकरी माझीच पहिली. शिक्षण म्हणाल तर पुण्यातला तीन महिन्यांचा कोर्स, त्यातलाही निम्मा डोक्यावरून गेलेला. सहा महिन्यांनी कायम करणार होते. रोज सकाळी कारखान्यात शिरताना वाटायचं, आज पितळ उघडं पडणार.

कामाची पद्धत साधी होती. प्रोग्रॅम पेन्सिलीने चौकटींच्या कागदावर लिहायचा, पंचिंगच्या सुमनताई त्यावरून कार्डांना भोकं पाडायच्या, मग ती कार्डं मशीनला. शून्यावर तिरकी रेघ मारायची, नाहीतर ते इंग्रजी ओ म्हणून पंच होतं. तेवढंही मी विसरायचो. माझे कागद खोडरबराने काळे झालेले असायचे.

तरी माझे प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालायचे. आमचे मॅनेजर भालेराव साहेब पाठ थोपटायचे आणि मी नजर चुकवून जागेवर परतायचो.

शेवटी मी सुमनताईंना विचारलं, "माझ्या चुका तुम्ही सुधारता का?"

"मला कुठलं कळतंय त्यातलं? समोर असेल ते मारते."

"पण मी दिलेल्या कागदावर..."

"तो तुम्हीच परत नेता की. जेवणाच्या सुट्टीत येऊन दुसरा देता."

त्यांनी फाइल उघडली. अक्षर माझंच होतं. प्रत्येक शून्यावर रेघ. कुठेही खाडाखोड नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी रोज कॅन्टीनमध्ये असायचो.

दुसऱ्या दिवशी सुट्टीभर मी पंचिंगच्या दारात उभा राहिलो. कोणी आलं नाही. नंतर आत गेलो, तर ट्रेमध्ये नवा कागद होता.

"आत्ता तर दिलात," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

कायम करण्याची ऑर्डर शनिवारी निघणार होती. दुसऱ्याच्या कामावर कायम होण्यापेक्षा कबूल केलेलं बरं, म्हणून शुक्रवारी चार वाजता मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, ते प्रोग्रॅम मी लिहिलेले नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ ते माझा चेहरा बघत राहिले.

"गांगुर्डे सकाळीच सांगून गेले," ते हळू म्हणाले. "म्हणाले, 'चारला एक जण येईल. हुबेहूब माझ्यासारखा दिसेल. खोटं मात्र बोलणार नाही.'"

त्यांनी हात पुढे केला.

"गेटपास द्या."

मी पास काढून टेबलावर ठेवला. वाद घालावा असं मनातही आलं नाही. कित्येक महिन्यांनी मला हायसं वाटलं.