पाटीवर ओव्हाळ

माझ्या टेबलापाशी आलेला पहिला माणूस शर्टाचं बटण लावून घ्यायला आला होता.

पिंपरीच्या बाजारात, कुसुमताईंच्या शिलाईच्या दुकानाबाहेर, ओट्यावर मी टेबल टाकलं होतं. साल एकोणऐंशी. पाऊस तिरपा झोडपत होता. तो ओट्यावर चढला, भिजलेल्या केसांतून हात फिरवला आणि हातातला शर्ट माझ्यापुढे धरला.

"तेवढं बटण—"

"शिलाई आत. इथे इन्कमटॅक्स."

तो बघतच राहिला. मीही बघितलं. का नाही बघायचं? मी बी.कॉम. केलं होतं, डोळे खाली घालायचा कोर्स केला नव्हता.

"बाई माणूस… टॅक्सचं बघतं?"

"तुमचा कापतात ना? मग बसा."

बसला. ज्योतीराम जगदाळे. उस्मानाबादकडचा, मोटारीच्या कारखान्यात पेंट शॉपला. काळेवाडीत मामाकडे राहायचा.

"पगार किती?"

त्याचे कान लाल झाले.

"आमच्याकडं बाईला पगार सांगत नाहीत. बायकोलासुद्धा."

"डॉक्टरणीला पोट दाखवता ना? तसंच हे."

तो हसला… मग पुढे वाकून कानाशी आकडा सांगितला. थिनरचा वास, ओल्या कपड्यांचा वास. आकडा पहिल्याच वेळी ऐकू आला होता. तरी मी म्हटलं, "पुन्हा सांगा." खोटं कशाला बोलू?

"विमा आहे?"

"हाय. पण कंपनीत कुणाला बोललो न्हाई. आईच्या कानावर गेलं तर रडत बसंल… पोरगं मरायच्या गोष्टी करतंय म्हणून."

"अहो, हप्त्यावर सूट मिळते! तुम्ही आईला भिऊन सरकारला पैसे देताय. थांबा, जास्तीचा कापलेला टॅक्स परत मागू."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगाच पदर सारखा करावासा वाटला. केला नाही.

मग तो येतच राहिला. कधी सही राहिली म्हणून, कधी नुसता.

"लग्न केलं तर टॅक्स कमी होतो का हो?"

"नाही."

"मग लोक कशाला करतात?"

"अक्कल कमी असते म्हणून."

"माझीपण कमीच हाय—"

आत मशीन थांबलं. "व्हय रं," कुसुमताई ओरडल्या, "तुझी बटनं लय तुटत्यात!"

त्या पावसाळ्यातच 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कोण चुकलं, यावर आम्ही भांडलोही.

तरी टेबल रिकामंच असायचं. आधी मी चिंचवडला साहेबरावांच्या टॅक्स ऑफिसात होते. गिऱ्हाईक पुढे, मी पडद्याआड. हिशेब माझा, सल्ला माझा, तोंड साहेबरावांचं. मला पुढे बसवा म्हटलं, तर म्हणाले, "पोरी, पाटीवर ओव्हाळ वाचून जिना कोण चढेल?" त्याच दिवशी मी तो जिना उतरले. माझा बाप, भीमराज ओव्हाळ, कारखान्यात भट्टीपुढे उभा राहून मला शिकवत होता. ते काय पडद्याआड बसायला?

हे सगळं ज्योतीरामला माहीत होतं. म्हणून तर मी इतकी भडकले.

एका संध्याकाळी तो पाटी घेऊन आला. स्वतः रंगवलेली. निळी जमीन, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात टपोरं कमळ. 'मंजुळा बी., बी.कॉम., आयकर सल्लागार.'

"बी म्हणजे?"

"भीमराजकाकांचा बी."

"आणि आडनाव?"

"जागा… पुरली नाही."

"कमळाला पुरली?"

तो बोटावरचा रंग खरवडत राहिला. "मंजुळा, तू रिकामी बसलेली मला बघवत न्हाई गं. एकदा माणसं येऊ देत, मग—"

"मग काय? मग हळूच सांगायचं? साहेबरावांनी मला पडद्याआड बसवलं, तू पाटीआड बसव. मामाला सांगितलंस माझं नाव?"

"सांगितलं."

"पूर्ण?"

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. त्यानं नजर पाटीवरच्या कमळाकडे वळवली.

"उचल ही पाटी. आणि पूर्ण नाव तोंडातून निघत नसेल तर येऊ नकोस."

तो गेला. मी रडले. रडले तर रडले… दुसऱ्या दिवशी बाजारातल्या पेंटरकडून पाटी करून घेतली. 'मंजुळा भीमराज ओव्हाळ.' त्याला बजावलं, आडनाव सगळ्यांत मोठं काढ. लोक वाचायचे, पुढे जायचे. कोणी यायचेही. जे आले ते वाचून आले.

त्यानंतरच्या एका रविवारी भर बाजारात दुपारी तो ओट्याखाली उभा. एका हातात ट्रंक, काखेत वळकटी.

"सांगितलं," तो म्हणाला. "ओव्हाळांची मंजुळा. तिच्याशी लग्न करायचंय म्हनलं."

"मग?"

"मामीनं पुढचं ताट ओढून घेतलं. मामानं ट्रंक बाहेर ठेवली." तो कसंनुसं हसला. "पण तू हो म्हणशील का न्हाई तेच माहीत न्हाई… तुला विचारायचंच राहिलं की!"

"जेवला नाहीस?"

"दोन घास झाले होते."

मी माझा डबा काढला. भाकरी, सुकटीची चटणी. टेबलावर, रस्त्याच्या तोंडाला, उघडाच ठेवला. समोरच्या किराणावाल्याचा तराजू थांबला. ज्योतीरामच्या कंपनीतले दोघंतिघं पानाच्या टपरीपाशी होते, तेही वळले. ओव्हाळांच्या डब्यात जगदाळ्यांचा हात जातो का, ते सगळ्यांना बघायचं होतं. मलाही.

"आत बसून खा रं," कुसुमताई हळूच म्हणाल्या.

"न्हाई ताई. हितंच."

त्यानं भाकरी मोडली. मोठा घास घेतला… चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घेतला.

"तिखट हाय."

"आयुष्यभर असंच मिळेल."

घास तसाच गालात ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे… हो?"

"हो. आणि पाटी उतरणार नाही. लग्नानंतरही नाही."

"मी शिडी धरायला हाय, उतरवायला न्हाई."

तेवढ्यात एक माणूस कागदांची पिशवी घेऊन ओट्याची पायरी चढला. पाटी वाचली. डब्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं, आणि आल्या पावली वळला.

"ओ दादा, थांबा!" ज्योतीराम तोंडातल्या घासासकट उठायला लागला.

मी त्याचं मनगट धरलं. पहिल्यांदाच.

"जाऊ दे त्याला. तू जेव."

तो बसला. मनगट मी सोडलं नाही. अख्खा बाजार बघत होता.

बघू दे.