कॉफी ठेवलीय, ये

पटलं तर घ्या, नाहीतर पान उलटा. मी शाळेत फार गेले नाही. पण खोट्या गोष्टी रचत बसायला लागतो तेवढा रिकामा वेळही मला कधी मिळाला नाही.

हे घडलं माझ्या धाकट्या बहिणीच्या, वेगाच्या बाबतीत. विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर आमच्या गावची छोटी धावपट्टी आहे, तिथं. ऑक्टोबरातला शनिवार. रात्र नव्हे, लख्ख दुपार. भुताखेताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचं सरोवर पाहिलेलं नाही.

आमच्या धावपट्टीला मनोरा नाही, की वाट दाखवणारा माणूस नाही. येणारा वैमानिक रेडिओवर आपलं आपणच सांगतो, "पाच मैलांवर आहे, उतरायला येतोय." उत्तर द्यायचं कुणावर बंधन नाही. पण आमच्याकडे एक रीत आहे. धावपट्टीलगतच्या विमान-क्लबच्या खोलीत जो कोणी असेल, तो माईक उचलून म्हणतो, "कॉफी ठेवलीय, ये."

त्यावर वैमानिक नुसतं दोनदा माईकचं बटण दाबतो.

टिक... टिक.

म्हणजे ऐकलं, येतोच आहे.

वेगाचा मुलगा ब्रांदुर दोन वर्षांपूर्वी असाच घरी येत होता. पाच मैलांवरून बोलला. खोलीत वेगाच होती. तिनं माईक उचलला. "कॉफी ठेवलीय, ये."

टिक टिक आलं नाही...

ब्रांदुरही आला नाही.

विमान सरोवराच्या तळाशी मिळालं. तो मिळाला नाही. कॉफी आटून आटून भांडं काळं पडलं, तरी वेगानं ते उतरवलं नव्हतं.

त्याच्या डोक्यावर त्या दिवशी भारी हेडसेट होता, इंजिनाचा आवाज खाणारा. वाढदिवसाला वेगानंच दिलेला. लोक काय, तोंड आहे म्हणून बोलतात. कुणी म्हणालं, इंजिन अडखळलं असेल, त्या शांततेत पोराला कळलंच नसेल. खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. पण वेगानं ते काळजाला लावून घेतलं. "मीच माझ्या लेकराचे कान बुजवले," म्हणायची.

आणि एक गोष्ट फक्त माझ्याजवळ बोलायची.

"ताई, माझं शेवटचं बोलणं त्यानं ऐकलं असेल का गं?"



अशात ब्रांदुरची धाकटी बहीण गुडनी विमान शिकायला लागली. भावाचं वेड हिच्याही अंगात. क्लबचा जुना हेडसेट घालायची. तो म्हणजे नुसता चिमटा. चष्म्याच्या काड्या कानामागे रुतायच्या, अर्ध्या तासात डोकं ठणकायचं. एकदा उतरता उतरता तिनं वैतागून एक कान उघडा केला आणि विमान धावपट्टीवर असं आपटलं की शिकवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, मला नवा हलका हेडसेट हवा."

"तुझं शिकणं बंद करीन, पण ते भूत पुन्हा माझ्या घरात येणार नाही."

"अगं, दुखणाऱ्या डोक्यानं उतरणं बरं का?"

"दुखलेलं डोकं घरी तरी येतं."

लारुस क्लबात हेडसेट विकतो. लहानपणापासून आमच्या शेजारचा. तो मध्ये पडला. "वेगा, मासा न चाखताच टाकून देतेस का कधी? एकदा कानावर चढव. विमान जागेवर उभं ठेवू, इंजिन चालू करू. नाही पटलं तर मला सरोवरात ढकल."

"तुला ढकलायला ट्रॅक्टर लागेल, मेल्या."

पण गेली. दोन हेडसेट मांडीवर घेऊन विमानात उजवीकडे बसली. गुडनी डावीकडे.

लारुस दारातून सांगत होता, "चष्मा घालूनच बघ गं पोरी. काडी जाड असली की कानावरच्या गादीला फट राहते, सगळा गोंगाट आत. टाळूवर भार येतो का बघ. मान वळवून बघ, घसरता कामा नये. आणि घाई नको, जरा वेळ घालून बस. पहिल्या मिनिटाला सगळेच मऊ लागतात."

एवढं सांगून तो खोलीत आला. मी तिथं विनारतेर्ता कापत होते. आमचा सुक्या आलुबुखाराचा थरांचा केक. रेडिओचा स्पीकर भिंतीवर नुसता खरखरत होता.

तिकडे इंजिन सुरू झालं. आत काय घडलं ते वेगानं मला मागाहून सांगितलं. आधी वेगानं जाड गाद्यांचा घातला. आवाज कमी झाला, पण जबडा आवळला. मग दुसरा. हलका. वायरवरच्या डबीचं, आवाज खाणारं बटण तिनं दाबलं...

आणि इंजिन गेलं.

समोर पंखा फिरत होता. आवाज मात्र नाही. बर्फ पडून गेल्यावर शेत गप्प होतं, तसं.

त्या शांततेत कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं.

गुडनी असेल, वेगाला वाटलं. माईक तोंडाशी असला की श्वाससुद्धा ऐकू येतो.

तिनं डावीकडे पाहिलं...

गुडनी चष्मा पुसत होती. तिचा हेडसेट तिच्या मांडीवर होता.

श्वास चालूच होता.

मग रेडिओवरचा छोटा दिवा लागला. कुणी बोलायला लागलं की लागतो, तो.

"पाच मैलांवर आहे... उतरायला येतोय."

आईला आवाज ओळखायला दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही.

"खोलीत कुणी आहे का?"



"आई... आहेस का गं?"

आमच्या स्पीकरवर यातलं काही आलं नाही. देवाशपथ सांगते, एक अक्षर नाही. आम्हाला ऐकू आली ती एकदम वेगाच.

"कॉफी ठेवलीय, ये. ब्रांदुर... ठेवलीय रे राजा. ये."

लारुसच्या हातातला कप तसाच राहिला. माझी सुरी केकमध्ये रुतलेली.

आणि मग स्पीकरवर, आम्हा दोघांनाही ऐकू येईल असं...

टिक.

टिक.

आम्ही बाहेर धावलो. आभाळ कोरं. सरोवरावर एक पाखरू नाही.

गुडनीनं घाबरून इंजिन बंद केलं होतं. वेगा हेडसेट काढायला तयार नव्हती. दोन्ही गाद्या हातांनी कानांवर दाबून रडत होती. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"ऐकलं गं त्यानं, ताई," ती म्हणाली. "ऐकलं."

खाली उतरल्यावर डोळे पुसून तिनं लारुसला फर्मावलं, "हिला हाच दे. आणि रोज बजावायचं, एवढी शांतता असली की इंजिन कानांनी नाही, समोरच्या तबकड्यांच्या काट्यांवर डोळे ठेवून सांभाळायचं. विसरली तर तुझे कान उपटीन."

तिनं स्वतःसाठीही एक घेतला.

गोष्ट इथंच संपती तर मी म्हटलं असतं, पोराचा जीव घुटमळत होता, आईचा शब्द ऐकला, सुटला.

पण सुटला नाही.

आता गुडनी शनिवारी एकटी उडते. वेगा क्लबबाहेरच्या बाकावर छोटा रेडिओ हातात घेऊन बसते, कानांवर त्याला जोडलेला हेडसेट. खोलीतला स्पीकर मला खिडकीतून ऐकू येतो. गुडनी पाच मैलांवरून बोलते. वेगा म्हणते, "कॉफी ठेवलीय, ये." टिक टिक येतं. मग वेगा एक बोट वर करते. "थांब, ताई..." आणि हसते.

एकदा मी तिचा हेडसेट ओढून माझ्या कानांवर घातला. गुडनीचं टिक टिक झालं. मी म्हणणार होते, वेडी आहेस...

"मी गुडनीच्या मागे आहे."

एका वाटेनं दोघं येत असले की मागचा असंच सांगतो. पुढच्याला धीर असतो.

आवाज ब्रांदुरचा होता. मी त्याला न्हाऊमाखू घातलंय.

वेगा कप दोन काढते. भाऊ बहिणीला घरापर्यंत सोडायला येतो, तर मी कोण अडवणार?

पण गेल्या शनिवारी सरोवरावर धुकं चढत होतं. वेगा बाकावर. मी शेजारी. तिनं बोट वर केलं...

एरवी ब्रांदुर बोलतो तो गुडनीनंतर, आणि गुडनी अजून बोललीच नव्हती.

वेगाचं हसू जागच्या जागी विरलं. आम्ही दोघी धुक्याकडे बघत राहिलो. किती वेळ, ते मला विचारू नका.

मग गुडनीचा आवाज आला. विमान दिसलं. उतरलं. वेगानं पोरीला असं कवटाळलं की तिचा चष्मा वाकडा झाला.

"अगं आई, सोड! चांगली उतरले की."

मग तिनं रिकाम्या धावपट्टीकडे वळून पाहिलं, आणि मला विचारलं,

"मावशी, माझ्या पुढे कोण होतं गं? धुक्यातून मी त्याच्याच मागे मागे आले."